बाळंतिणीचा डबा

६ जानेवारी २०२५, सोमवार

शमिकाच्या नावावर काट मारली! सकाळी फोनवर गट उघडला तर तिच्या डब्याच्या पाळ्या रद्द. खाली क्षमाक्कांचं वाक्य — ‘देवाची इच्छा. या घरचे डबे बंद.’ त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. एकीनेही ‘का’ विचारलं नाही.

मी विचारलं. फोनच केला.

‘सोबत’ हा गट अक्का चालवतात, आणि त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाई चालवायच्या. बंगळूरच्या या मल्लेश्वरममधल्या ज्या मराठी मुलींचं माहेर लांब, त्यांच्या बाळंतपणात सव्वा महिना रोज एकीने दुपारचा डबा पोचवायचा. एवढंच काम. माझा अर्णव झाला तेव्हा आम्ही सांगलीहून नुकतेच आलो होतो, ओळखीचं कोणी नव्हतं — मीही तो डबा खाल्लाय.

“बाळ गेलं ना गं,” अक्का म्हणाल्या. “मग बाळंतपण कसलं?”

“ती शुक्रवारी बाळंत झालीय, अक्का. टाके आहेत. ताप आहे. उठताना भिंत धरावी लागते.”

“स्वल्प, जरा ऐक. रोज एक बाई दारात जाणार, रोज त्या पोरीने उघडायचं, रोज आपलं तोंड बघायचं. सोसेल तिला? अशा वेळी गप्प बसावं. तीही मायाच.”

फोन ठेवला. त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही, ही खरी अडचण. अक्का दुष्ट असत्या तर किती सोपं झालं असतं! पण मग शमिकाला कोणी विचारलं का, गप्प बसू की येऊ? नाही. अकरा जणींनी हात जोडले आणि आपापली भाजी चिरायला गेल्या.

उद्या मी जाणार.

७ जानेवारी, मंगळवार

गेले. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणीची चटणी, अळिवाची खीर. गटाचा चार पुडांचा डबा माझ्याकडेच होता, त्यातून नेलं.

दार शमिकाच्या नवऱ्याने, क्षितिजने उघडलं. तो कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत आहे, माझ्या नवऱ्याच्या, हरीच्या ओळखीचा. एरवी पायऱ्या दोन-दोन चढणारा मुलगा. आज चपला कुठे काढायच्या हेसुद्धा त्याला सांगता येईना. त्याची आई सोफ्यावर, शेजारी भरलेली बॅग. दोन महिने राहायच्या तयारीने नाशिकहून आल्या होत्या, उद्या परत निघाल्या.

“आता इथे राहून मी काय करू, सांगा.”

“सुनेला न्हाऊ घाला,” मी म्हणाले.

बोलायला नको होतं. पहिली भेट, त्यात दुःखातलं घर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं. थोडंच वाटलं.

शमिका आतल्या खोलीत. डोक्यावर पंखा फिरतोय, कान उघडे, पाय गार लादीवर. मालिशवालीलाही येऊ नको म्हणून कळवलेलं. “मला वाटलं, बाळच नाही तर कशाला...” क्षितिज अर्ध्यातच थांबला. त्याला कसं बोलू? त्याला कोणी शिकवलंय? पंखा बंद केला, माझ्या ओढणीने तिचे कान बांधले, पायात क्षितिजचे मोजे चढवले. भाकरी दोन-चार घास. खीर मात्र पूर्ण संपवली.

खीर संपवली! जिना उतरताना मला चक्क जिंकल्यासारखं वाटत होतं.

८ जानेवारी, बुधवार

हरीने विचारलं, “हे तू त्या मुलीसाठी करतेयस की अक्कांना दाखवायला?” भाकरी करपली.

१० जानेवारी, शुक्रवार

अक्कांचा फोन. आता भांडण जेवणावरून नाही — डब्यावरून!

तो चार पुडांचा डबा फक्त बाळंतिणीच्या घरी जातो. कडीला हळदीचा दोरा असतो, प्रत्येक बाळंतपणाला नवा. पुढचं बाळंतपण सुप्रीताचं, तिला सातवा चालू आहे. आणि तो डबा मी शमिकाच्या घरी नेते.

“तिथला डबा उद्या हिच्या घरी न्यायचा? तूच सांग.”

“स्टीलचा आहे, अक्का. घासला की झालं.”

“तू शिकलेली. तुला भीती नाही. भीती काय तुला विचारून येते होय गं दुसरीला?”

मी जोरात बोलले. अंधश्रद्धा, एकविसावं शतक, सगळं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मल्लेश्वरमभर मिरवू नकोस, प्रेमा. गटात राहायचं तर गटाचं ऐकायचं.”

“मग मला काढा. आणि माझ्या पाळ्या कोण करणार तेवढं आधी ठरवा.”

चक्क हसू आलं त्यांना, आणि फोन ठेवला.

पण ‘भीती विचारून येते का’ हे डोक्यातून जाईना. शमिकाला कोणी विचारलं नाही म्हणून मी एवढी चिडले. सुप्रीताला मी विचारलं का?

११ जानेवारी, शनिवार

सुप्रीता बाजारात भेटली. मीच तिला गाठलं खरं तर. शनिवारी ती तिथे असते. आठव्या क्रॉस रस्त्यावर अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या शेंगांचे ढीग, ती पोट सांभाळत वाकून निवडत होती. हिशेब तपासणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे ही मुलगी. सासरच्यांची इथली कितवी पिढी, तिलाही सांगता येत नाही.

सरळ विचारलं. तिनेही सरळ सांगितलं.

“प्रेमाक्का, डब्याने काही होत नाही हे मला कळतं. पण तो डबा माझ्या घरी आला ना, तर मी झाकण उघडणार नाही. खोटं कशाला बोलू?”

“सरी, ठीक आहे,” मी म्हणाले.

“रागावलात?”

“नाही गं.”

“रागावलात. नाक लाल झालंय.” आणि तिने माझ्या पिशवीत ओंजळभर शेंगा टाकल्या. “शमिकाला द्या. कोणी दिल्या ते सांगू नका.”

भ्यालेल्या बाईला मी काय धाडस शिकवणार! सात महिने पोटात बाळ ती वागवतेय, मी नाही. डबा परत करायचा. जेवण थांबवायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

अक्कांकडे हळदीकुंकू. दरवर्षीसारखं एळ्ळू-बेल्लाचं, इथल्या तीळ-गूळ-खोबऱ्याचं ताट एकीकडे, तिळगूळ एकीकडे, आणि मधोमध अक्का काळ्या इरकलीत. सगळ्या जणी होत्या. शमिकाला बोलावणं नव्हतं. तिचं नावही निघालं नाही. निघेल असं वाटलं की कोणीतरी हलव्याच्या दागिन्यांवर बोलायचं.

मी डबा पिशवीतून काढून अक्कांच्या समोर ठेवला. घासून, उकळून, पुसून. दोरा सोडवलेला.

“डबा गटाचा. हा घ्या. जेवण माझं, ते जाणारच.”

“सणाच्या दिवशी, प्रेमा?” कोणीतरी मागून.

“तिला रोजच भूक लागते. सणाच्या दिवशीपण.”

अक्कांनी डब्याला हात लावला नाही. मला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि इतक्या हळू बोलल्या की फक्त मलाच ऐकू यावं — “तुला वाटतं आम्हांला काळीज नाही.”

“असतं तर दाखवा ना!” हे मी मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

वाक्य क्रूर होतं. मागे घेणार नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कसं लिहू.

सकाळी क्षितिजचा फोन. शमिकाला रात्रीपासून थंडी भरून ताप. छाती दगडासारखी झालेली, गाऊनसुद्धा टेकवत नाही. दोघं डॉक्टरांकडे गेले. दूध थांबावं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी गोळी दिली होती. डॉक्टरबाईंनी विचारलं, खाण्यात काय असतं? क्षितिजने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं — अळिवाची खीर, शेपू, मेथीचे लाडू, बाजरी, लसूण. त्या म्हणाल्या, खाण्याने किती फरक पडतो ते नक्की सांगता येत नाही. पण हे सगळं तर दूध येण्यासाठी देतात ना? मग कोण देतंय हे?

मी देतेय! रोज. माझ्या हाताने. खीर संपवली की खूष होऊन जिना उतरत होते.

बाळंतिणीला जे जे द्यायचं ते सगळं दिलं मी, काही म्हणून कमी पडू दिलं नाही. अळीव कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं का? माझ्या आईने ‘दूध येईल, खा’ म्हणूनच मला भरवला होता. मी गटाशी भांडण्यात इतकी गुंतले की हातातली वाटी कशाची आहे ते बघितलं नाही. हरीच्या प्रश्नाचं हे उत्तर का?

क्षितिज म्हणाला, “ताई, मी रागावलो नाहीये.” रागावला असता तर बरं झालं असतं.

आज डबा नेला नाही. कुठल्या तोंडाने नेऊ?

१७ जानेवारी, शुक्रवार

अक्कांना फोन करून मीच सांगितलं. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

“म्हणून मी म्हणत होते—”

“नाही अक्का. तुम्ही हे म्हणाला नव्हता. तुम्हांलाही सुचलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंपासून इतकी वर्षं हा गट चालतोय, आणि बाळ गेलेल्या बाईला काय खायला घालायचं हे आपल्यातल्या एकीलाही ठाऊक नाही. कारण आपण कधी घातलंच नाही. दर वेळी काट मारली आणि हात जोडले.”

चूक माझी, ती माझ्या पदरात. पण त्या चुकीआड लपून कोणाला ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणू देणार नाही. उद्यापासून पुन्हा डबा. या वेळी आधी विचारून.

१८ जानेवारी, शनिवार

ताप उतरलाय. पलंगाच्या कडेला बसून तिची माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटलं, माझं शरीर वेडं झालंय. त्याला कोणी कळवलंच नाही की काय. निदान अर्धा दोष खिरीचा आहे हे बरं झालं.”

हसली! ओठाच्या एका कोपऱ्यातून, पण हसली.

“तुला काय खावंसं वाटतं?”

हे तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं मी.

“आंबट. चित्रान्न. भातात लिंबू खूप पिळलेलं. शेंगदाणे कुरकुरीत.”

बाळंतिणीला आंबट? आईने ऐकलं असतं तर! बरोब्बर तेच करून नेणार.

२१ जानेवारी, मंगळवार

चित्रान्न, तिसऱ्यांदा. आज ताटली हातात घेऊन ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. मालिशवालीही पुन्हा येऊ लागलीय, क्षितिजनेच बोलावलं.

खाता खाता एकदम म्हणाली, “केस खूप होते. कानांपर्यंत. नर्सने टोपी घातली होती, ती मी काढून बघितलं.”

मी चमचा खाली ठेवला. काय बोलायचं असतं? “हो का,” म्हणाले. किती बावळट शब्द! पण ती पुढे बोलत राहिली. बाळाची नखं, बाळाचा अंगठा, क्षितिजसारखा वाकडा. क्षितिज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. त्याने पाण्याचा नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

अक्का म्हणाल्या होत्या, तिला सोसणार नाही. अक्का, तिला न बोलणं सोसत नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

गटावर लिहिलं. तीनदा खोडून. ‘शमिकाला आंबट-तिखट चालतं. मेथी, अळीव, खसखस नको. तिच्याकडे गेलात तर बाळाबद्दल विचारा, ती सांगते. ज्यांना जायचं नाही त्यांनी जाऊ नका, पण हात जोडू नका.’

अकरा जणींनी वाचलं. सुप्रीताने फक्त मला वेगळं लिहिलं — ‘मला अजून भीती वाटते. पण उद्या सार मी पाठवते. माझ्या डब्यातून.’

२९ जानेवारी, बुधवार

शमिकाने विचारलं, गटावर तिला पुन्हा घ्याल का? काट मारली तेव्हा गटातूनही काढलं होतं! मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे या सगळ्या भांडणातला एकही शब्द तिने वाचला नव्हता. अक्कांना न विचारता तिला आत घेतलं. काढा म्हणावं मला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शमिकाने स्वतः गटावर लिहिलं — ‘येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या ईराचं बारसं आहे. पाळण्यात कोणी नसेल. नाव ठेवायचं आहे. सगळ्यांनी या.’

ईरा. मुलगी! महिनाभर त्या घरासाठी सगळ्यांशी भांडले आणि मुलगा होता की मुलगी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी अक्कांचे दोन शब्द आले.

‘आत्या कोण?’