अर्ध्या चाकाइतकं पाणी

आई, आज रविवार, आणि सकाळपासून मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडून बसले होते. हात अजून काळे आहेत, नखांत ग्रीस आहे, तशीच येऊन लिहायला बसले. तू असतीस तर आधी हात धुवायला लावले असतेस, तेही खोबरेल तेल चोळून मग साबणानं, कारण ग्रीस तसंच निघतं हे तूच शोधून काढलं होतंस. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, वाटलं तेव्हा तेव्हा काहीतरी काम काढून उठले. आज उठता येत नाही. आज मी माझ्या गाडीला तीच वस्तू बसवली जी एकदा तुझ्या गाडीला बसवली होती, आणि तुझ्या गाडीला ती होती हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही.

वस्तू तशी साधी आहे. इंजिनाला हवा लागते. कंपनी ती हवा एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून आत घेते. डब्यात चौकोनी फिल्टर असतो आणि डब्याचं तोंड वर, हेडलाइटच्या मागे असतं. हौशी लोक हा डबा काढून टाकतात आणि त्याच्या जागी रुंद पाइप लावतात, पाइपच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. पाइपचं तोंड बॉनेटखालच्या गरमीपासून लांब, खाली बंपरच्या मागे नेलं की इंजिनाला गार हवा मिळते. गार हवा दाट असते, गाडी थोडी जास्त ओढते आणि पाय दाबला की मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. खरं तर त्या आवाजासाठीच सगळा खटाटोप असतो, ओढ वगैरे लोकांना सांगायला. आता याचं तयार किट घरपोच येतं, चकचकीत पाइप, रबरी जोड, क्लॅम्प, सोबत चित्रांचा कागद. तेव्हा मी ते नळाच्या पाइपचं केलं होतं, दोन वाकडे जोड आणून, करवतीनं कापून, आणि फिल्टर तेवढा द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून आणला होता.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं ते माझं. वर्गात आम्ही तीन मुली. मला मेकॅनिकलला प्रवेश मिळाला त्या दिवशी तू मला पान्यांचा संच आणून दिला होतास, निळ्या पत्र्याच्या पेटीतला. मामा म्हणाला, पोरीच्या हातात पाने कशाला देतेस ताई, आणि तू त्याला असं काही झापलंस की तो चहा अर्धा टाकून गेला. आज दहाचा पाना मी त्याच पेटीतून काढला. बॅटरीची वायर सोडवली, डब्याचे बोल्ट काढले, आणि त्या पान्याच्या दांड्यावर माझ्या अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली दिसली. त्याच पान्यानं तुझ्या गाडीचा डबा काढला होता.

तुझी गाडी. पेठ गावाच्या पुढच्या शाळेत तू गणित शिकवायचीस, रोज एसटीनं जायचीस आणि पंचेचाळिसाव्या वर्षी एक दिवस घरी येऊन म्हणालीस की मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पेठ रोडच्या आपल्या कॉलनीत गाडी चालवणारी बाई तू पहिली. जुनी पांढरी गाडी दारात आली तेव्हा शेजारच्या काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवायला आणलं, तू ते हसून घेतलंस आणि संध्याकाळी सरबत करून त्यांनाच पाठवलंस. तुझी रीत वेगळी होती. सीटवर बसायचं, हात जोडून मनातल्या मनात त्रिशरण आणि पंचशील म्हणायचं, मग पट्टा, मग आरसा, मग चावी. शाळेची शंभर पानी वही तू गाडीची वही केली होतीस. कोणत्या वळणावर कोणता गिअर, कुठे चढ फसवा आहे, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आणि आपल्या दोघींत वाटणी ठरली होती, बॉनेटच्या बाहेरचं खातं तुझं, आतलं माझं. तू कधी बॉनेट उघडलंच नाहीस. इतका विश्वास माझ्यावर कुणीच टाकला नाही, पुढेही नाही.

तुला न सांगता का केलं, याचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस वेगवेगळं दिलं. खरं एवढंच की सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, फायदा सांगितलास, आता तोटा सांग. तू प्रत्येक गोष्टीत हे विचारायचीस. आणि तोटा मला ठाऊक होता. सायबर कॅफेत बसून मी ज्या पानावरून हे शिकले, त्यातच लिहिलं होतं की तोंड खाली असेल तर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, इंजिन हवेऐवजी पाणी ओढेल. वाचलं आणि पुढे गेले. वर्गातल्या मुलांना आवाज ऐकवायचा होता. तू रविवारी विहारात गेलीस तेवढ्या वेळात मी काम उरकलं. सोमवारी परत आलीस ती खुशीत. म्हणालीस, आज गाडी किती हलकी चालली गं, घाटात दुसऱ्यात टाकावीच लागली नाही. मी म्हणाले, सर्व्हिसिंग केलं. तू कौतुकानं पाहिलंस. ते कौतुक मी घेतलं, आई.

त्यानंतर तीन आठवडे गेले असतील. श्रावणातला पाऊस रात्रभर लागून राहिलेला. सकाळी सहाला तू दारात उभी आहेस, एका हातात डबा, एका हातात छत्री, आणि मी अजून अंथरुणात. तू विचारतेस, "गाडी नेऊ ना गं आज?" मला त्या क्षणी पाइप आठवतो, त्याचं तोंड आठवतं, ते पान आठवतं. उठून सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. मी पांघरुणातून म्हणते, "ने की."

पुढचं तू मला इतक्यांदा सांगितलंस की मी तिथे असल्यासारखं मला दिसतं. पेठच्या अलीकडे ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. तू गाडी थांबवलीस, खाली उतरलीस, पाहिलंस. एक मोटारसायकल गेली, एक जीप गेली. जीपच्या चाकाकडे तू नीट पाहिलंस, पाणी अर्ध्या चाकापर्यंत, त्याच्या वर नाही. मग पहिला गिअर टाकून सावकाश निघालीस. मध्यावर गाडीनं एक घाणेरडा आवाज केला आणि ती बंद पडली. गावातल्या चौघांनी ढकलून बाहेर काढली. तू ओल्या साडीनं शाळेत गेलीस, तास घेतलेस. दुपारी मामा आपला टेम्पो घेऊन आला आणि दोर बांधून गाडी ओढत घरी आणली.

संध्याकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी निळी पेटी घेऊन बाहेर आले. मेकॅनिक सकाळी येणार होता. पाइप काढला, डबा जागेवर बसवला, बोल्ट आवळले, डब्यावर थोडा चिखलही फासला. पाइप आणि फिल्टर गोणपाटात गुंडाळून गच्चीवर टाकीमागे ठेवले. तू केस पुसत बाहेर आलीस तेव्हा मी बॉनेट पुसत होते. तू म्हणालीस, राहू दे गं, दमली असशील.

मेकॅनिकनं सकाळी इंजिन खोलून सगळं पाहिलं आणि इंजिनानं पाणी ओढलंय, आतला रॉड वाकलाय, असं सांगितलं. मग डब्याकडे बघून त्यानं तुला विचारलं, पाणी कितपत होतं? तू म्हणालीस, अर्धं चाक. त्यानं मान हलवली. "अर्ध्या चाकात ही गाडी पाणी ओढत नाय मॅडम. लय असंल पाणी. तुमच्या लक्षात नाय आलं." मामा शेजारीच उभा होता. तू माझ्याकडे पाहिलंस, मी रॉडकडे पाहत राहिले. तू म्हणालीस, "असेल मग. माझंच चुकलं." गणिताची बाई तू, फळ्यावर रेघ मारलीस तर पट्टी लावून बघावी लागत नसे, आणि आपल्या डोळ्यांनी मोजलेलं पाणी तू माझ्यासमोर खोटं मानलंस.

तरी इथवरचं मी कदाचित भीतीच्या नावावर खपवलं असतं. त्या रात्री स्वयंपाकघरात जे झालं ते खपत नाही. तू भाकरी थापत होतीस, मी ओट्याला टेकून उभी. तू म्हणालीस, तू शिकलीस, तुला कळतं, माझं नक्की काय चुकलं ते सांग. आणि मी सांगितलं, आई. मी तुला शिकवलं. म्हणाले, तू मध्ये अॅक्सिलरेटर सोडला असशील, गाडी हळू झाली की पाणी पुढून वर चढतं, बायका पाण्यात घाबरून पाय काढतात. हे शेवटचं वाक्य मी माझ्या तोंडानं म्हटलं. तू म्हणालीस की मी पाय नव्हता काढला. मी म्हणाले, घाबरल्यावर कळत नाही. तू हाताचं पीठ झटकलंस, गाडीची वही आणलीस आणि लिहून घेतलंस.

ती वही माझ्याकडे आहे. तू गेल्यावर कपाटात सापडली. शेवटची नोंद तीच: "पाण्यातून जाताना अॅक्सिलरेटर सोडू नये. चूक माझी." पानावर पिठाच्या बोटाचा डाग आहे. पुढची पानं कोरी, कारण तू परत कधी स्टीअरिंगला हात लावला नाहीस. गाडी दुरुस्त झाली, दारात उभी राहिली, मग विकली. निवृत्तीपर्यंतची सात वर्षं तू पुन्हा सहाची एसटी पकडलीस, गुडघे दुखायला लागल्यावरही. मी नोकरीला लागल्यावर गाडी घेतली, तुला सगळीकडे नेलं, आणि डाव्या सीटवर बसून तुझा उजवा पाय उगाच ब्रेक दाबायचा. मी त्यावरून तुला चिडवायचेसुद्धा.

आणि मी गप्प का राहिले? तेव्हा मला वाटायचं, कबूल केलं तर सगळे म्हणतील, बघा, पोरीच्या हातात पाने दिले. ते ऐकायचं नव्हतं. म्हणून बायकांना गाडी जमत नाही हे तुझ्यावर येऊ दिलं. मला मेकॅनिक म्हणून राहायचं होतं, आणि त्यासाठी तुझी ड्रायव्हर म्हणून असलेली जागा गेली. मामानं तर त्याचा किस्साच केला, ताईनं गाडीची होडी केली. कुणाच्याही लग्नात, कुणाच्याही बारशात तो किस्सा होतो. तू होतीस तोवर तूही हसायचीस. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात त्यानं तो पुन्हा सांगितला, आणि मी ताटावरून मान वर करून सगळ्यांबरोबर हसले. घरी आल्यावर झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी किट मागवलं.

किटच्या कागदावर दोन पद्धती आहेत, फिल्टर वर ठेवायचा किंवा जोडपाइप लावून खाली न्यायचा. मी आज मुद्दाम खालची केली. चाकाच्या आतलं प्लास्टिक काढलं, पाइप बंपरमागे उतरवला, फिल्टर बरोबर त्या वेळच्या जागी बसवला. मग टेप घेतली. जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं, जमिनीपासून फिल्टरपर्यंत मोजलं. गाडी वेगळी आहे, पण चाकाची उंची जवळपास तीच. फिल्टर अर्ध्या चाकाच्या चार बोटं खाली भरला. दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. पाणी अर्धं चाकच होतं, आई. तू बरोबर मोजलं होतंस. तू पाय काढला नव्हतास. तू जे पाहिलंस आणि जे केलंस ते सगळं बरोबर होतं, आणि हे सांगता येईल अशी मी एकटीच जिवंत आहे.

मग पाइप काढला आणि कंपनीचा डबा परत बसवला. हातांना ते काम अजून पाठ आहे. वही समोर आहे, शेवटच्या नोंदीखाली काहीतरी लिहावं म्हणून पेनही काढून ठेवलं होतं, पण तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर घालायला हात धजला नाही. म्हणून हा वेगळा कागद. तो वहीतच ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. वर येण्याआधी, टेप हातात असतानाच, मी मामाला फोन लावला होता. त्यानं लगेच उचलला, म्हातारा झालाय, फोनची वाट बघत असतो. मी त्याच्या गुडघ्यांचं विचारलं, औषधांचं विचारलं, पावसाचं विचारलं. तो म्हणाला, "काही काम होतं का गं?"

मी म्हणाले, "नाही मामा, सहजच केला."