शबनमला काय सांगू, भाई?

प्रिय भाई,

उशीर झाला, माफ कर. तुला जाऊन अख्खा हिवाळा उलटला आणि मी आत्ता लिहायला बसलोय. उद्या तुझी शबनम इथे डब्लिनला येतेय. पुन्हा तेच विचारणार.

"चाचा, अब्बा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले?"

लेकीने केअर होममध्ये ठेवलं म्हणून तू तिच्याशी बोलणंच टाकलंस. किती हट्टी रे तू! ती खुर्चीत बसून रडायची आणि तू भिंतीकडे तोंड करून पडायचास.

एका दुपारी तू माझा हात धरून म्हणालास, "शबनमला सांग, राग नाही." म्हणालास ना? की तसं व्हावं म्हणून माझ्या मनानेच रचलं? हल्ली मी गॅस बंद केला की नाही, तेही पुन्हापुन्हा जाऊन बघतो.

मशिदीत रविवारी तूच शिकवायचास. मी सातवीपुरता शिकलेला, मागे बसून ऐकायचो. पैगंबरांचं वचन, म्हणजे हदीस, सांगणाऱ्या प्रत्येकाला जुने विद्वान आलिम पारखून घ्यायचे. कुणाकडून ऐकलंस? त्याला खरंच भेटला होतास? म्हातारपणी कुणाचं स्मरण ढळलं, तर त्याने आधी सांगितलेलं घ्यायचं, नंतरचं सोडायचं. मी विचारलं होतं, "आणि माणूस नेक असला तर?"

"नेक माणसंच जास्त घोळ घालतात, बाबू! भलं बोलायच्या नादात."

सगळे हसले होते. आता तेच मला टोचतंय. त्या दुपारी खोलीत तिसरं कुणी नव्हतं रे. साक्ष कुणाची काढू?

काल फोनवर तिला थोडंसं सांगून पाहिलं. डॉक्टर ती! "औषध दिल्यावर म्हणाले की आधी? तुम्ही कानाचं मशीन लावलं होतं का? ऑनेस्टली सांगा, चाचा." शोभते तुझी मुलगी! मी घाबरून विषय बदलला.

पण आज सकाळी नमाजनंतर तुझं आणखी एक बोलणं आठवलं. कच्च्या स्मरणाच्या माणसाने सांगितलेली हदीस जईफ, म्हणजे दुबळी. रचलेली नव्हे! ती सांगायची, तर दुबळी आहे असं सांगूनच.

तर वचन देतो, भाई. उद्या तिला तुझं ते वाक्य सांगेन आणि त्याच दमात माझी शंकाही. पदरचा एक गोड शब्द घालणार नाही. किती धरायचं, ते तिचं ती ठरवेल.

पण तू खरंच तसं म्हणाला असशील, तर एकदा स्वप्नात येऊन सांग ना. माझ्याकडे येऊ नकोस, थेट तिच्याकडेच जा. आणि लवकर जा, भाई.

तुझा धाकटा,
बाबू