खरवडायचं काम

५ जून

चि. ठमीस, अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे दुकान जोरात चाललं असणार. तुझा नवरा लोकांच्या नाकावर चष्मा ठेवतो आणि तू बाजूला उभी राहून 'शोभून दिसतो' म्हणतेस, हा धंदा तुम्हां दोघांना चांगला जमलाय. माझा मात्र अडलाय.

गॅलरीवाल्याने हिवाळ्यात माझं मोठं प्रदर्शन ठरवलंय, अगदी सुरुवातीपासूनच्या कामाचं. पण त्याचं म्हणणं, राखाडी पट्टे आणि निळे चौकोन आता पुरे झाले, चित्रांत माणूस परत आणा. इतकी वर्षं मी माणसाला चित्रातून बाहेर काढण्यात घालवली, आता त्याला दार उघडून आत घ्यायचं. प्रयत्न करतेय. पण पट्ट्यांवर माणूस काढला की तो पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखा वरच राहतो, आत जात नाही.

आठवतं ना, मागच्या खोलीत मी तुला खुर्चीत बसवायचे, आणि संध्याकाळी चित्र मनासारखं नसलं की रंगाची सुरी तुझ्या हातात द्यायचे? खरवडायचं काम तुझं. तू स्वतःचाच चेहरा इतक्या आवडीने खरवडायचीस की बाबा म्हणायचे, या पोरीपासून जपून राहा. उरलेल्या डागांवर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचे. त्यातूनच तुझी तीन मोठी चित्रं झाली, तुझ्याकडे आहेत ती. प्रदर्शनाला ती हवीत आणि तूही हवीस. आठवडाभर ये आणि बस.

चौथं, माझं स्वतःचं, मान कलती करून हातात फुलं घेतलेलं, तुझ्या लग्नात दिलं होतं, ते मात्र जाळून टाक. साबणाच्या वेष्टनावर शोभेल असं आहे. ते कोणी पाहिलं तर माझ्या सगळ्या कामाचं हसं होईल.

मेहुण्यांना नमस्कार. माझी माया तुला ठाऊक आहे, तुझी कळवत जा.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मला यायला जमणार नाही. घरातल्या दारांना रंग लागतोय. रंगारी जुना रंग उतरवायचं औषध फासून गेला तो फिरकलेलाच नाही, डबाही इथेच टाकून गेलाय. वासाने डोकं उठलंय. दुकानातही मी हल्ली पुढे उभी राहत नाही, मागे बसून काचा घासते. पुढे जिकडे तिकडे आरसे, कंटाळा आला.

तीन चित्रं नीट आहेत. खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसव, तुझ्याकडे माणसांना काय तोटा. ह्यांनी तुझं मागचं राखाडी चित्र पाहून विचारलं होतं की ताईंनी नंबर शेवटचा कधी तपासला. अजूनही फुकट तपासून द्यायला तयार आहेत.

तुझं जाळायचं चित्र जाळायला सवड झाली नाही.

राग धरू नकोस, धरलास तरी पत्र टाक.

तुझी,
ठमी

२ जुलै

चि. ठमीस, अ. आ.

दारांची रडकथा वाचली आणि सरळ मेहुण्यांना फोन केला. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही. तुझ्या चेहऱ्याची डावी बाजू गेल्या हिवाळ्यात लुळी पडली, डोळा पुरता मिटत नाही, ओठ ओघळलाय, आणि डॉक्टरांच्या मते आता हे असंच राहायचं. मला सांगायचं नाही अशी तू त्यांना तंबी दिली होतीस.

वाईट वाटलं, हे लिहायला हवं म्हणून लिहिते. खरं सांगू, फोन ठेवला आणि मी कोऱ्या कॅनव्हासपुढे जाऊन उभी राहिले. अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा नुसता रंगाचा ओघळ. मी ज्याच्यामागे इतकी वर्षं धावतेय ते तुला घरबसल्या मिळालं आणि तू काचा घासत बसलीस.

चिडू नकोस, ये. उजवीच बाजू काढीन, लग्नाआधी होती तशी. शब्द देते. तुला मी नाही बघायचं तर कुणी बघायचं?

वाट बघणारी,
ताई

४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्याकडच्या आठवड्यात तू माझं सगळं केलंस, त्याचं आधी लिहिते. गालाला गरम शेक दिलास, झोपताना डोळ्यावर पट्टी बांधलीस. आई असती तर असंच केलं असतं, असं वाटून मी एकदा रडलेही, तू ब्रश धूत होतीस तेव्हा.

उजवा गाल खिडकीकडे कर म्हणालीस, मी केला. मग दोन दिवसांनी माझ्या डाव्या हाताला उंच आरसा आणून ठेवलास. त्याने उजेड परततो, असं सांगितलंस. आरशातलं मला थोडंफार कळतं, ताई, आमचं पोटच त्यावर आहे. पण तू शब्द दिला होतास, म्हणून मी मान वळवून पाहिलं नाही.

काल पेपरात तुझं नवं चित्र आलंय, अर्धं पान भरून. नाव 'धाकटी बहीण'. न मिटणारा डोळा, आणि ओठाच्या कडेला ते ओलसर, जे मी दिवसभर रुमालाने टिपत असते. एक बाई तो पेपर घेऊनच दुकानात आल्या. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाल्या आणि मान लांब करून मागच्या खोलीत बघत राहिल्या. ह्यांनी त्यांना दांडी न आवळताच वाटेला लावलं. मग म्हणाले की चूक त्यांचीच, फोनवर तेच बोलले. कालपासून जेवलेले नाहीत.

ते चित्र प्रदर्शनात लावू नकोस. दुसरं काही मागत नाही.

तुझीच,
ठमी

१२ सप्टेंबर

चि. ठमीस, अ. आ.

लावणार. चेहरा तुझा असला तरी चित्र माझं आहे. ज्यांनी ओळखलं त्यांनी तुला आधीच पाहिलेलं होतं, ज्यांनी पाहिलं नव्हतं ते ओळखणार कसे? आणि सरळ होता तेव्हा तरी तुझ्या चेहऱ्याकडे कोण बघत होतं? मी बघत होते, म्हणून तू तीन चित्रांत आहेस. नाहीतर दुकानातल्या आरशांखेरीज कुठेही नसतीस.

शिवाय गॅलरीवाला अजून खूश नाही. चेहरा जोरकस आहे म्हणतो, पण मागच्या पट्ट्यांशी त्याचा अबोला आहे. म्हणजे पुन्हा तिकीटच. निदान जुनी तीन चित्रं तरी हवीत. सोमवारी गाडी येईल, नीट बांधून दे.

मेहुण्यांना सांग, उपाशी राहून ओठ जागेवर येत नाही.

तुझ्या भल्याची,
ताई

१८ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिन्ही चित्रं गाडीत दिली. उघडताना हातमोजे घाल, वास अजून गेला नसेल. रंगाऱ्याचं औषध उरलं होतं ते लावलं, आणि दुकानातली बारीक पाती वापरली. चेहरे गेलेत. कुठे खांदा, कुठे खुर्चीचा हात राहिला असेल. डोळ्यांपाशी वेळ लागला, ते तू फार जीव ओतून काढले होतेस.

खरवडायचं काम माझंच होतं ना.

ठमी

३० सप्टेंबर

चि. ठमीस, मनापासून अ. उ. आ.

पेट्या उघडल्या. तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. मग ऊन भिंतीवर आलं आणि मला दिसायला लागलं. चेहऱ्याच्या जागचा रंग खाली ओघळून कापडाच्या विणीत मुरलाय. माणूस गेलाय, पण तो होता हे लपत नाही. मी पट्ट्यांवर माणसं चिकटवत बसले, आणि तू माणसाचाच पट्टा करून टाकलास. गॅलरीवाला तिन्हींपुढून हलेना. मग हे केलं कधी असं विचारू लागला. उन्हाळ्यापासून चाललंय म्हणून सांगितलं.

तिन्हींवर नवी सही केली. तुझं नाव घालायचा प्रश्न येत नाही. तू रागात होतीस, काम आपलं होऊन गेलं. 'धाकटी बहीण' मात्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. आता त्या चेहऱ्याची गरज उरली नाही. झालं ना तुझ्या मनासारखं?

दाराजवळच्या भिंतीवर एक जागा रिकामी आहे. चौथं जाळलं नसलंस तर त्यालाही तसंच कर. मी इथे दुसऱ्या एका चित्रावर करून पाहिलं, जमत नाही. माझा हात विचार करतो, तुझा करत नाही. चेहऱ्याची मुळीच गय करू नकोस, कलता खांदा तेवढा ठेव. वेळ थोडा आहे, म्हणून परस्पर गॅलरीत पाठव. आमंत्रणपत्रिकेवरही तेच छापायचं, असं मी न बघताच सांगून ठेवलंय. तुझ्यावर इतका विश्वास मी आजवर कधी टाकला नव्हता, याची जाण ठेव.

लाडक्या ठमीची,
ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चौथं चित्र गॅलरीत पोचलं. त्याला मी हात लावला नाही. फक्त ओल्या बोळ्याने धूळ टिपली. त्याबरोबर तुझे गाल गुलाबी झाले आणि फुलांत एक पिवळं फूल निघालं, जे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. सही ठळक आहे. त्या वयात तू सहीखाली वेलबुट्टी काढायचीस, तीही आहे.

गॅलरीवाल्यांचा ह्यांना फोन आला होता. तशा तीन चित्रांनंतर ताईंनी हे का पाठवलं, असं विचारत होते. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. ह्यांनी सांगितलं की ताईंना स्वतःचा चेहरा खरवडायला माणूस मिळाला नाही. मग गॅलरीवाल्यांनी विचारलं की आधीची तीन कुणी खरवडली. ह्यांनी तेही सांगितलं. तोवर पत्रिका छापून पोस्टात पडल्या होत्या, पेपरवाल्यांच्यासुद्धा.

आम्हालाही एक आली. तुझी ती कलती मान, हातात फुलं. मी ती दुकानातल्या मोठ्या आरशाच्या कडेला खोचलीय. गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघायला येतं, आधी तुला बघून हसतं, मग माझ्याकडे वळतं. तोवर त्याचं हसून झालेलं असतं. त्यामुळे मी पुन्हा पुढे उभी राहायला लागलेय.

प्रदर्शनाला लोक काही बोलले आणि चेहरा ओढल्यासारखा झाला, तर गरम शेक दे. मला त्याने बरं वाटलं होतं.

लोभ होता तेवढा आहे. वाढवायचा की नाही ते तू बघ.

तुझी धाकटी बहीण,
ठमी