वाडीवरचा कावळा

आई, तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर माझं एक वाक्य कधी पुरं झालं नाही. अर्ध्यावर तुम्ही "कळलां" म्हणायचात आणि मी गप्प बसायचे. आता कागद मधे बोलणार नाही, म्हणून लिहिते.

भांडुपच्या चाळीत आपल्या खोलीमागे नाल्याच्या भिंतीपर्यंत चार पावलांची जागा होती. तुम्ही तिला गावच्यासारखं मागीलदार म्हणायचात. धुण्याचा दगड, तुळस, एक जास्वंद. लग्न होऊन आले तेव्हापासून मला आभाळ दिसायचं ते तेवढंच. पुढच्या दाराने सून उगाच बाहेर पडत नसे. तांदूळ निवडून उरलेली कणी मी भिंतीवर पसरायची, करवंटीत पाणी ठेवायची. आधी चिमण्या आल्या, मग खार, मग पपईच्या सालींना बुलबुलांची जोडी. "कणयेची पेज झाली असती गो," तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मी फक्त किडकी कणी टाकू लागले. जास्वंदीची दोन फुलं मी झाडावर ठेवायची, शिंजीर येऊन त्यात चोच घालायचा. एकदा पूजेला फुलं कमी पडली आणि तुम्ही पकडलंत.

"दोन फुलां कोणासाठी ठेवलंस?"

"पाखराला."

"देवाक सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग ऱ्हवांदेत."

तुम्ही हसला होतात. तुमच्या तोंडावर हसू मी फार वेळा पाहिलं नाही.

मग संपात मामंजींची गिरणी बंद पडली. शेजारच्या बाई बालवाडीत होत्या, त्यांनी मला विचारलं, मॅट्रिक आहेस, येतेस का शिकवायला? मी घरात विषय काढला. हे खाली बघत राहिले. मामंजी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "सुनेच्या पगारावर जेवची पाळी अजून येऊक नाय." एवढंच. तुम्ही स्टोव्हकडे तोंड करून कालवण ढवळत होतात, ते नुसतंच ढवळत राहिलात. मी मागे जाऊन उगाच भांडी परत घासली. पुढच्या वर्षी मामंजी गेले, पण त्यांचं वाक्य घरातच राहिलं. ते मोडायची हिंमत ह्यांना झाली नाही आणि तुम्हालाही नाही.

त्यांच्या वर्षश्राद्धाचा दिवस. आपण पहाटेपासून सोवळ्यात. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. कावळ्यासाठी वाडी तुम्ही स्वतः केळीच्या पानावर वाढून भिंतीवर ठेवलीत आणि ह्यांना हाक मारायला आत गेलात. "बघत ऱ्हव," मला म्हणालात. मी उभी आहे. जास्वंदीत बुलबुलाचं घरटं, खांद्याइतकं उंच, त्यात तीन पिल्लं, अजून पिसं न फुटलेली. कावळा येतो. पानाशेजारी बसतो, मान वाकडी करतो, पानाकडे बघतो, मग झाडाकडे, मग माझ्याकडे. बुलबुल ओरडू लागतात. माझ्या हाताशी खराटा आहे. मी तो उचलते आणि जोरात म्हणते, "हाड!"

तुम्ही दारात होतात. "अगो, काय केलंस! ते होते ते!"

मग कावळा आलाच नाही. बारा वाजले, दोन वाजले. ह्यांनी काव काव करून घसा बसवला. शेवटी म्हणाले, "आई, गायीला घालू, तू जेव आता." घरातले सगळे जेवले. तुम्ही दिवेलागणीपर्यंत भिंतीखाली बसून राहिलात, मग पाणीसुद्धा न पिता आडव्या झालात. मी पाय चेपायला आले तर पाय ओढून घेतलेत. "तुका पाखरां व्हयी. आमचो माणूस उपाशी परतलो."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला कुलूप लागलं. किल्ली तुमच्या कनवटीला. गुडघे धरलेले असताना कपडे, भांडी सगळं तुम्ही बाहेर बसून केलंत, पण मला उंबरा ओलांडू दिला नाहीत. आत मी आणि स्टोव्ह. दाराच्या फटीला कान लावून मी पिल्लांचा आवाज ऐकायची. रोज तो थोडा मोठा व्हायचा. मारुतीला नवस बोलावा असं वाटायचं, पण श्राद्ध बिघडवणाऱ्या बाईने काय तोंडाने मागायचं? नवव्या दिवशी आवाज आला नाही. संध्याकाळी तुम्ही कुलूप काढलंत. घरटं रिकामं. करवंटीत मात्र ताजं पाणी, आणि भिंतीवर कणी. चांगली, निवडलेली कणी.

"गेली?" मी विचारलं.

"काल उडाली. एक खाली पडलेलां, मी उचलून फांदयेर ठेवलंय." तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "मांजर फिरत होतां. दिसभर बसलंय मी हयसर."

मी त्यांना उडताना पाहिलं नाही, आई. तुम्ही पाहिलंत. त्याचा मला कित्येक वर्षं राग होता, आणि त्या कणीचं काय करावं हेही कळत नव्हतं. त्या दिवसाबद्दल आपण दोघी पुन्हा बोललो नाही. तुम्ही जाईपर्यंत घरात सगळे असंच धरून होते, की पिल्लांच्या मायेपायी सून चुकली. नातेवाईकांत तुम्ही स्वतःच तसं सांगायचात, "मनान हळवी आसा," म्हणून. मी ते खोडलं नाही.

कागद संपत आला. पोस्टात टाकायचा नाहीच, देव्हाऱ्यातल्या पोथीत घडी घालून ठेवीन. पण तुम्ही माझ्यासाठी जे सांगत राहिलात, ते खरं नव्हतं. तो कावळा भिंतीवर बसला, मान वाकडी करून माझ्याकडे बघू लागला, तेव्हा मीही ते मामंजीच आहेत असंच समजले होते. खराटा उचलला तो म्हणूनच. पिल्लं मला नंतर आठवली.