तक्त्यावरची चौथी ओळ

९ ऑक्टोबर, शनिवार

ताईस,

नमस्कार. मैत्रिणीच्या खोलीवर तुझी सोय नीट झाली असेल. मी बरी आहे. बाबांचं खाली लिहिते.

रविवारी नेमकं काय घडलं ते तुला कोणी सरळ सांगितलेलं नाही. म्हणून आधी क्रमाने.

१. ३ तारखेला सव्वापाचला आपल्या मैदानावरचा नवशिक्यांचा छर्ऱ्याच्या बंदुकांचा खेळ संपला. बॅटरीच्या सात बंदुका पुसून ठेवायला दुकानात माझ्या टेबलावर परत आल्या.
२. खेळणाऱ्यांनी तुझ्या सूचनांच्या तक्त्यातली चौथी ओळ पाळली होती : आधी नळी जमिनीकडे धरून चाप ओढा, मग छर्ऱ्यांचं मॅगझीन काढा.
३. मी टेबलावर नव्हते. बाबा बसले. खेळाचा चष्मा त्यांनी लावला नव्हता.
४. पाचवी बंदूक पुसताना त्यांचं बोट चापाला लागलं. मॅगझीन काढलेलं होतं, तरी नळीत एक छर्रा होता.
५. छर्रा टेबलाच्या पत्र्यावर आपटून डाव्या डोळ्यावर बसला. प्लास्टिकचा, सहा मिलिमीटर, वजन ०.२ ग्रॅम.
६. डोळ्यात पुढच्या बाजूला रक्त साकळलं आहे. डोकं उंच ठेवून पडून राहायला सांगितलंय. नजर किती परत येईल ते १६ तारखेला तपासणीत कळेल.

इतकं खरं आहे. पण अपुरं आहे.

छर्रा नळीत का राहिला, हे तुला आजही माहीत नसेल. तुझी चूक कुठे झाली ते समजून घे, म्हणजे पुढचं कळेल. स्प्रिंगच्या बंदुकीत दर वेळी हाताने दांडा ओढावा लागतो. तो ओढेपर्यंत नळीत छर्रा जात नाही आणि दट्ट्यामागे जोरही नसतो. तिथे 'आधी चाप, मग मॅगझीन' चालतं. बाबांनी तुला नवव्या वर्षी त्याच बंदुकीवर शिकवलं आणि तेव्हा दुकानात दुसऱ्या बंदुका नव्हत्याच. गॅसच्या बंदुकीत एक छर्रा सुटला की वरचा भाग मागे जाऊन येतो आणि दुसरा छर्रा आत ढकलतो. बॅटरीच्या बंदुकीत हेच काम मोटर आणि दात्यांची चाकं करतात. म्हणजे या दोन्हींत चाप ओढून मग मॅगझीन काढलं, तर एक छर्रा आत बसून राहू शकतो. आधी मॅगझीन काढायचं, मग चाप ओढून नळी रिकामी करायची. बंदुका तीन प्रकारच्या होत्या आणि तू तिन्हींना एकच नियम लावलास.

हे दुकानात फक्त मला माहीत होतं. बॅटरीच्या बंदुका आल्यापासून मी टेबलावर तोच क्रम पाळते. कुणाला सांगितला नव्हता. कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

तू परत आलीस त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी नवशिक्यांना बंदुकांचे प्रकार समजावले होते, आठवतं? फळ्यावर आकृती काढून चाळीस मिनिटं. शेवटी एकाने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, बाथरूम कुठंय?" पुढच्या रविवारी तू उभी राहिलीस. "स्प्रिंगची म्हणजे आमचे काका. दर वेळी हाताला धरून उठवावं लागतं. गॅसची म्हणजे आमची आत्या, थंडी पडली की अंगात त्राण नाही. आणि बॅटरीची म्हणजे ही माझी धाकटी. तोंडातून शब्द नाही, पण एकदा बिनसलं की थांबता थांबत नाही!" सगळे हसले. बाबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. आठ वर्षं तू चपलांच्या दुकानात होतीस. या बंदुकांचं एक झाकण तू कधी उघडलं नव्हतंस. आणि तीन वाक्यांत तू जे सांगितलंस ते बरोबर होतं. ते बरोबर होतं, हेच मला जास्त लागलं.

मग काउंटरची खुर्ची तुझी झाली. त्या दिवशी बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले, "आता कुठे आमच्या दुकानाला तोंड फुटलं." सात वर्षं त्याच खुर्चीत मी बसत होते. म्हणजे तोवर दुकान मुकं होतं.

त्याच संध्याकाळी तू तक्त्याचा कागद घेऊन माझ्याकडे आलीस.

"बारके, हे जरा बघ गं. तू शिकलेली, मी नुसती बोलघेवडी."

"ठेव तिथे."

"ठेव नाही, आत्ता बघ. उद्या प्लास्टिकमध्ये घालून टांगायचाय."

मी पेन्सिल घेतली. तीन दुरुस्त्या केल्या. छर्ऱ्याचा व्यास तू पाच लिहिला होतास, सहा केला. गॅसचा डबा उन्हात ठेवू नये, हे घातलं. बॅटरी किती वेळ चार्ज करायची ते बदललं. चौथ्या ओळीपाशी पेन्सिल टेकवली. तिथे एक टिंब उमटलं, ते अजून आहे, तक्ता माझ्याकडे आहे.

"बाकी बरोबर आहे ना?" तू विचारलंस.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

माझ्या नजरेतून ते सुटलं, असं तुला वाटत असेल. तू स्वभावाने तशीच आहेस, आधी दुसऱ्याची बाजू शोधतेस. ताई, ते सुटलं नव्हतं. मी ते सोडलं. माझा हिशेब असा होता की मैदानावर सगळे चष्मा लावतात, कुणाला काही व्हायचं नाही. फार तर कुणाच्या बुटावर छर्रा बसेल, बाबा चिडतील, तू गोरीमोरी होशील आणि मग मी शांतपणे सांगेन की असं का झालं. मला फक्त एकदा तुझा चेहरा उतरलेला बघायचा होता.

तरी भीती होतीच. १९ सप्टेंबरच्या रविवारी मी आलेली प्रत्येक बंदूक स्वतः पुन्हा रिकामी केली. सातांपैकी तीनमध्ये छर्रे निघाले. २६ ला चारमध्ये. ते मी केराच्या डब्यात टाकले आणि बोलले नाही. म्हणजे मला शंका नव्हती, मोजलेला पुरावा होता.

३ तारखेला खेळ संपल्यावर लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मला हाक मारली, "अगं, तूही ये की, वाजव टाळ्या!" मी मागच्या खोलीत निघून गेले आणि रिकामी खोकी एकावर एक रचत बसले. त्याची काही गरज नव्हती. म्हणून टेबलावर मी नव्हते. वरचा तिसरा मुद्दा मी जसा लिहिला आहे, त्यात हे लपवलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने लिहिते. बाबा डोळ्यावर ओला रुमाल धरून ओरडले, "हा तक्ता कोणी लिहिला?"

"मी," तू म्हणालीस.

"कुणाला दाखवला होतास?"

तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, एक श्वास घेण्याइतकं. आणि म्हणालीस, "कुणाला नाही."

"नुसती जीभ चालते तुझी! उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस."

तू तरी गाडीपर्यंत आलीस. बाबा म्हणाले, "ही नको. धाकटी येईल." ताई, त्या वाक्याची मी किती वर्षं वाट बघत होते ते सांगायला मला लाज वाटते. दवाखान्यापर्यंत बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, फुटलेल्या पापणीचं रक्त माझ्या बाहीला लागलं होतं आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिलं नाही तर बाकीचं पत्र खोटं ठरेल.

आता बाबा दिवसभर पडून असतात. काल म्हणाले, "ती गॅसच्या बंदुकीला काय म्हणायची गं?" मी म्हणाले, आठवत नाही. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "काहीतरी फार मजेशीर होतं." तुला हाकलल्याचं त्यांना वाईट वाटतंय, पण चूक तुझी होती असं ते धरून चालले आहेत, म्हणून बोलावत नाहीत. आणि डोळा गेला तर तो तुझ्यामुळे गेला असं ते आयुष्यभर मानतील. मी गप्प बसले तर तूही मानशील.

मी त्यांना सांगणार आहे. शुक्रवारी १५ तारखेला, संध्याकाळी सहाला, तपासणीच्या आदल्या दिवशी. निकाल कळल्यावर सांगितलं तर डोळा वाचला म्हणून सोपं गेलं किंवा वाचला नाही म्हणून कबूल केलं, असं होईल. मला दोन्ही नको.

एक विनंती आहे. 'दोघींचीही चूक होती' असं उत्तर पाठवू नकोस. तू तसंच लिहिशील, मला ठाऊक आहे. तुझी माहिती कमी पडली आणि मी वाईट वागले, या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत. शिवाय तू उदार मनाने मला सोडून दिलंस, तर त्याचाही मला हेवा वाटेल. इतका पल्ला मी अजून गाठलेला नाही. रागावलीस तर सविस्तर लिही, मी पूर्ण वाचेन.

मी बाबांना सांगताना तू समोर असावीस, असं मला वाटतं. तू त्यांच्यासमोर माझं नाव घेतलं नाहीस, ते मला तुझ्यासमोर घ्यायचं आहे. तू आली नाहीस तरी मी सांगेनच.

येतेस की नाही, एवढं मला गुरुवार, १४ तारखेपर्यंत कळव.

जिने पाहिलं आणि सांगितलं नाही, ती
तुझी बहीण