एका हाकेला दोन मोटारी

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारचे सव्वातीन. कारखान्याच्या फाटकाबाहेर, केबलच्या रिकाम्या रिळावर बसून.

तीर्थस्वरूप दाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

हाताचा ठणका कमी आहे का? (विचारायला मला तोंड नाही, पण न विचारता पत्र सुरू करणे बरे दिसत नाही.) काल भेटायला आलो होतो. ताईने वॉर्डाच्या दारातच, "आता काय, उरलेली बोटं मोजायला आलास?" म्हणून परत पाठवले. म्हणून हे आयाबाईंच्या हाती देत आहे.

घडले ते क्रमाने लिहितो. पट्ट्याचे रोलर फिरवणाऱ्या बारा मोटारींचे बारा कंट्रोलर एकाच केबलवर माळेसारखे जोडायचे, हे आपणच शिकवलेत. मी तारांना पीळ घातला (आपण म्हणालात, "वेणी घालतोस का रे? रिबीन आणू?"), माळेच्या दोन्ही टोकांना रेझिस्टर लावले, प्रत्येक स्क्रू दोनदा आवळला. सातवा कंट्रोलर जळाला होता, तिथे कपाटातला जादा बसवला. आपल्याकडे नेहमी तिसराच जळतो, म्हणून जादा कंट्रोलरला तीन हाच हाकेचा नंबर आधीपासून देऊन ठेवायची पद्धत. तो बदलून सात करायचा मी विसरलो. स्क्रूच तपासत राहिलो. आपण सातव्या रोलरखाली हात घालून पट्टा चाचपत होता. वीज तोडू का, विचारले, तर म्हणालात, "तू तिसरा फिरव. सातव्याला कोण हलवतंय?" मी तिसऱ्याला हाक मारली. दोघांनी ओ दिली. (आपल्या घरात चार हाका मारल्याशिवाय कोणी जागचे हलत नाही, यंत्रांना तेवढीही आळसाची बुद्धी नाही.)

आपला मेहुणा
(ताई अजून तसे मानत असेल तर)

ता. क. : साहेबांनी आज जबाब मागितला. 'नंबर बदलायचा राहिला, चूक माझी' असे लिहून दिले. तिथल्या तिथे कामावरून काढले.

ता. क. दुसरा : तो माझा दुसरा जबाब. पहिला शनिवारी, घाबरून, साहेबांनी सांगितला तसा लिहिला : 'दाजींनी वीज न तोडता स्वतःच्या जबाबदारीवर हात घातला.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तो त्यांनी कुलुपात ठेवला. आजचा माझ्यादेखत फाडला. उद्या सकाळी ते फळे घेऊन येतील आणि त्या पहिल्या जबाबाखाली 'मान्य' म्हणून आपला अंगठा घेतील. मग भरपाई विसरा. उजवा हात बांधलेला, सही जमणार नाही, म्हणजे डावा अंगठाच मागतील. दाजी, फळे ताईला घेऊ द्या. आपण डावा हात पांघरुणाबाहेर काढू नका.