जावयाचा हात

३ मार्च, रविवार
बिशपला अक्कल नाही! अख्ख्या मसाका भागात एवढी देवळं, आणि आमच्या देवळात पाळक म्हणून धाडला कुणाला? सेन्डागिरेला. माझ्या सख्ख्या जावयाला!

आता मी प्रभुभोजन घ्यायचं कसं? भाकरीचा तुकडा तोच हातावर ठेवणार. सासूला जावयाचं बोट लागलं की दोघांच्याही अंगात कंप शिरतो, तो मातीत जाईपर्यंत निघत नाही. माझ्या आजीलाही ठाऊक होतं. बिशपला नको ठाऊक असायला? तोही आमच्यातलाच ना!

१० मार्च
खांबाआड बसले. तोंडावर फडकं. येताना वाटेत मला बघून पाळकसाहेब पांढऱ्या झग्यासकट केळीच्या बागेत शिरले. एवढी रीत पाळतो, बरं आहे.

भाकर घेतली नाही. घरी उकडलेल्या केळ्यांची मटोकी पोटभर खाल्ली — तरी उपाशीच.

१९ मार्च
कुदळ पायावर पडली. अंगठा फाटला. देवळातला म्हातारा एरिसा बघायला आला — देवळाची घंटा वाजवतो, पाळक नसला की प्रार्थना चालवतो, तो. म्हणाला, "जुळ्यांच्या आई," — जुळी झाली तेव्हापासून गाव मला हेच म्हणतं — "पवित्र गुरुवारी पाय धुवायला तुम्ही या. येशूने धुतले तसे. बायकांचे मीच धुणार."

"आधी स्वतःचे धू," म्हटलं. पण हो म्हटलं. भाकर नाही तर पाणी तरी!

२८ मार्च, गुरुवार
लिहायची लाज वाटते. तरी लिहिते.

बाकावर बसले. जावई आसपास असणार, म्हणून फडकं पार हनुवटीपर्यंत ओढलं. पाय पुढे केला. पाणी कोमट. हात हळू, जखमेच्या कडेकडेने फिरणारे. पण थरथरत होते. म्हटलं, "एरिसा, बोकडा, अंगठा सांभाळ! सकाळीच काय ढोसून आलास?"

बायका हसल्या नाहीत. एकही नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

फडकं वर केलं.

माझा पाय मांडीवर घेऊन जावई बसला होता! जमिनीवर! आणि हात लटलटा कापत होते.

कंप! माझ्यापायी कंप लागला पोराला! आता माझी लेक जन्मभर त्याला घास भरवणार! — तशीच लंगडत पळाले, ओल्या पायाने. एक चप्पल तिथेच राहिली.

२९ मार्च, शुक्रवार
लेक आली, नाबुकेन्या. हातात चप्पल.

"तो एरिसा कुठे मेला होता?" मी सुरू केलं.

"तापाने फणफणलाय गं आई. मग यांनीच सगळ्यांचे धुतले. मी म्हटलं, आईला वगळा. तर म्हणाले, वाकायचं ते अर्धंच कसं वाकू?"

"आणि कंप?"

"तो तुझ्याजवळ यायच्या आधीच होता! हातातला तांब्या हिंदकळत होता. नुसती भीती. आता मजेत आहेत. रात्री शेंगदाण्याचं कालवण मागून मागून खाल्लं."

"भीती कुणाची? देवाची?"

"तुझी!"

चप्पल घेतली आणि भलत्याच पायात घातली. मी! लेकीने दोनदा वळून बघितलं, ही बरी आहे ना म्हणून.

आजी म्हणायची, शिवलं की कंप सुटतो. याला आधीच सुटला होता — आणि तरी हा शिवला. मला या गावात कुणी वाकवलं नाही, याची केवढी मिजास मला! काल तो जमिनीवर होता आणि मी वर बाकावर. पळालं कोण? येशू पाय धुवायला वाकला तेव्हा एका शिष्यानेही त्याला असंच झिडकारलं होतं म्हणे. ते ऐकून मला वाटायचं, काय मूर्ख माणूस!

३० मार्च
अंगठा ठणकत नाही. हात कापतायत — माझे. कुणी शिवलेलं नाही. नुसता उद्याचा विचार केला म्हणून.

३१ मार्च, पुनरुत्थानाचा रविवार, पहाटे
फडकं धुऊन दोरीवर टाकलंय. राहू दे तिथेच. भाकर त्याच्याच हातून घेणार, उघड्या तोंडाने, हात पसरून. कापला तर कापला. बायकांनी खुशाल श्वास रोखावा. पण त्याने "ख्रिस्ताचं शरीर" म्हटलं की "आमेन" मी म्हणणार. मीच. मधे कुणी तोंड उघडायचं नाही!